पाहणाऱ्यांची संख्या

महापेत आमच्या इमारतीला खिडक्या आहेत,
पण त्यांच्यामागे भिंत आहे.
आत यंत्रं गार हवेत घुमत असतात.
पारसिकच्या डोंगरावर कुणीतरी शेळ्या चारतं
हे मला फक्त डबा खाताना कळतं, गच्चीवरून.

माझं काम तारे मोजण्याचं.
कार्डाच्या सोळा आकड्यांतल्या बारांवर तारे,
शेवटचे चार उघडे, ओळखीपुरते,
मच्छरदाणीबाहेर राहिलेल्या पावलासारखे.
नावावर तारे, मोबाईलवर तारे.
कुठे सुटले तर लिहायचं: कुठे, किती.
तुंगेकर मॅडम नव्या पोरांना सांगतात,
झाकली मूठ सव्वा लाखाची,
एवढं एक वाक्य नियमावलीत घातलं असतं
तर चौसष्ट पानं वाचली असती.

गुरुवारी एक फाईल उघडी सापडली.
चाचणीसाठी कुणीतरी पडदा सरकवला होता
आणि घरी जाताना तसाच ठेवला, जूनपासून.
एक्केचाळीस हजार दोनशे सहा ओळी,
सगळ्या नावानिशी.

मोजायच्या, वाचायच्या नाहीत, असा दंडक.
मोजता मोजता बोट थांबलं.
विजया सदाशिव ढोमसे.
घणसोली, सेक्टर नऊ.
आमचीच बिल्डिंग.

ढोमसे बाई चौथ्या मजल्यावर अबॅकस शिकवतात.
संध्याकाळी जिन्यात मण्यांचा आवाज येतो.
त्यांचा पराग दुबईला असतो, मोठ्या हॉटेलात,
हे वॉचमनलाही माहीत आहे.

दर पाच तारखेला अठरा हजार,
कर्जतजवळचं एक व्यसनमुक्ती केंद्र.
शेऱ्यात: पराग, खोली सहा.
चार वेळा तेच.
मग औषधांचं दुकान.
मग तुर्भे मार्केट, सुका मेवा, नऊशे साठ.
मग मी स्क्रीनवर हात ठेवला,
जसं काही हाताने झाकलं जातं.

अहवालाला रकाने असतात.
उघड पडलेल्या नोंदी: लिहिल्या.
कारण: लिहिलं.
फाईल नष्ट केल्याची वेळ: सहा वाजून बारा मिनिटं.
पाहणाऱ्यांची संख्या:
एक.
त्या एकातून ते कसं पुसायचं
याला रकाना नव्हता.
मॅडमनी सही केली. म्हणाल्या, थोडक्यात वाचलो गं.
मी म्हटलं, हो.
आणि मनात म्हटलं, मी थोडंच वाचलं,
पण नेमकं.

बसमध्ये फोनवरून तिकीट काढलं
आणि आजवर कधी सुचलं नव्हतं ते सुचलं:
माझीही एक ओळ आत्ता कुठेतरी उमटली.
महिन्यातल्या दोन बुधवारांचीही उमटली असेल,
सानपाड्याच्या त्या बाईंचे बाराशे,
ज्यांच्यापुढे बसून मी पाऊण तास रडते
आणि घरी सांगते, दाताचं काम चाललंय.
कोण मोजत असेल मला?
मोजता मोजता त्याचं बोट थांबलं असेल का?
रबाळ्याच्या सिग्नलला बस बराच वेळ उभी होती.

रविवारी बेल वाजली.
दारात ढोमसे बाई, हातात वाटी, वर रुमाल.
परागने पाठवलेत, म्हणाल्या.
त्याचा एक मित्र आला ना तिकडून, त्याच्या हाती.

नऊशे साठ,
माझ्या डोक्यात कुणीतरी म्हणालं, अगदी स्पष्ट.

मी एक खजूर तिथेच तोंडात टाकला.
चावला. सावकाश.
तिकडचा खजूर लगेच कळतो हो, म्हटलं,
आपल्याकडे कुठे मिळतोय असा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
लागतं त्यापेक्षा जरा जास्त वेळ.
आतून कुकरची शिट्टी झाली, तरी दोघी उभ्याच.
मग म्हणाल्या, बी कुठे टाकतेस आता, आण इकडे,
आणि तळहात पुढे केला.

मी बी ठेवली.
त्यांनी मूठ मिटली
आणि जिना चढू लागल्या.